माळवदाचे घर

माळवदाचे घर : लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेल्या सपाट छपरास माळवद किंवा धाबे म्हणतात. असे छप्पर, दगडमातीच्या रुंद भिंती आणि आतील लाकडी सांगाडा यांनी मिळून होणारे घर ते माळवदाचे किंवा धाब्याचे घर होय. दख्खनच्या पठारावरील कमी व मध्यम पावसाच्या प्रदेशात, विशेषतः मराठवाड्यात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सधन व मध्यम शेतकऱ्याचे घर बहुधा याच प्रकारचे असे. ते उन्हाळ्यात थंड राहते, हा त्याचा गुण सर्वपरिचित आहे. त्याच रचनेमुळे ते हिवाळ्यात फारसे सरपण न जाळता उबदार राहते, या गुणाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत नोंदीत हिंगोली जिल्हा व त्याच्या आसपासचा प्रदेश समोर ठेवून या घराची रचना, त्यातील ऊब राखण्याचे तत्त्व, त्या उबेसाठी द्यावी लागलेली किंमत आणि घराची आजची स्थिती यांचा विचार केला आहे.

प्रदेश व हवामान : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत असे त्याचे पाच तालुके आहेत. उत्तरेकडून पैनगंगा, दक्षिणेकडून पूर्णा व मधून कयाधू या नद्या वाहतात. भूपृष्ठाखाली सर्वत्र बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण असून त्याच्या झिजेपासून तयार झालेली काळी कसदार जमीन नदीखोऱ्यांत, तर मुरमाड माळ उंचवट्यांवर आढळतात. घर बांधण्यास लागणारा दगड, माती व पूर्वी जवळच्या रानांतून मिळणारे सागवान या तिन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या.

येथील हिवाळा सौम्य समजला जातो, परंतु तो फसवा आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २८°–३०° से. पर्यंत चढते व पहाटे ते १२°–१३° से. पर्यंत उतरते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. उत्तर भारतातून थंडीची लाट आल्यास पहाटेचे तापमान ६°–७° से. पर्यंत घसरते, काही वर्षी परभणी परिसरात ते ५° से.च्याही खाली गेल्याची नोंद आहे. याच प्रदेशात मे महिन्यात पारा ४२° से.च्या वर जातो. दिवस व रात्र, तसेच हिवाळा व उन्हाळा यांतील ही मोठी तफावत हीच येथील घरबांधणीपुढील मूळ समस्या होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पश्चिम महाराष्ट्रातील इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननात (१९६८–८३) ताम्रपाषाणयुगीन घरांचे अवशेष मिळाले. कुडाच्या, म्हणजे काटक्या विणून त्यांवर माती लिंपलेल्या भिंती, गवती छप्पर आणि घरात व अंगणात केलेल्या चुली व अग्निकुंडे असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते. हलकी भिंत व जवळ विस्तव ही निवाऱ्याची जुनी परंपरा. ती पुढे नष्ट झाली नाही. गरिबांच्या घरांतून ती अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिली. जड भिंतीचे, सपाट छपराचे घर हा तिच्या शेजारी वाढलेला दुसरा प्रवाह होय.

या दुसऱ्या प्रवाहास हवामानाइतकेच संरक्षणाचे कारण होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यातील या भागाला पेंढारी, ठग व दरोडेखोर यांचा उपद्रव वारंवार सोसावा लागला; हिंगोली येथे दीर्घकाळ असलेली हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी ही त्या अस्थिर काळाचीच खूण होय. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या, हातभराहून अधिक रुंद भिंती, रस्त्याच्या बाजूस खिडकी नसणे, दरवाजामागे भिंतीत सरकणारा अडसर व धान्यासाठी घरातच केलेले बळद यांमागे ही भीती होती. थंडी व चोर या दोघांनाही दाराबाहेर ठेवण्याचा उपाय एकच ठरला, तो म्हणजे जाड, बंदिस्त भिंत.

रचना : माळवदाच्या घराचे मोजमाप खणांत सांगतात. चार खांबांमधील जागा म्हणजे एक खण. दगडी उथळ्यांवर सागवानी खांब उभे करून त्यांवर तुळया व तुळयांवर सर टाकतात. सरांवर फळ्या किंवा फोडलेल्या काटक्यांचे किलीच बसवितात. त्यावर पालापाचोळ्याचा व काड्यांचा थर आणि शेवटी मातीचा थर येतो. ही माती शेतातील काळी नसते. काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की भेगाळते, त्यामुळे ती छपरास निरुपयोगी ठरते. त्यासाठी गावठाणातील जुनी पांढरी माती वापरतात. गावाच्या वस्तीस ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याची मराठीतील जुनी वहिवाट या भेदाची साक्ष देते. सर्वांत वरच्या थरासाठी खारी, चोपण माती पसंत करतात. ती ओली होताच तिचे सूक्ष्म कण छिद्रे बुजवितात व पाणी खाली झिरपू देत नाहीत. पाणी बाहेर टाकण्यासाठी कडेने पन्हाळी बसवितात. उजेड आत येण्यासाठी व धूर बाहेर जाण्यासाठी माळवदात एक झरोका ठेवतात, त्याला साणे म्हणतात.

भिंती सामान्यतः ६० सेंमी. ते १ मी. रुंद असतात. त्यांत बाहेरचा व आतला असे दगडांचे दोन वेगळे पदर रचून मधली पोकळी गोटे व माती यांनी भरतात. जोडण्यासाठी चिखल वापरतात. छपराचा भार मुख्यतः खांबांवर असल्यामुळे भिंतीचे काम प्रायः आडोशाचे असते. मोठ्या घरात प्रवेशाशी ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती सोपे व सर्वांत आत माजघर अशी मांडणी आढळते. माजघर चोहोबाजूंनी अन्य खोल्यांनी वेढलेले असल्यामुळे घरातील सर्वांत स्थिर तापमानाची जागा तीच असते. वृद्ध, लहान मुले व बाळंतीण यांची झोपण्याची जागा तेथे किंवा त्याला लागून असणे यामागे रूढीइतकाच अनुभवही आहे.

माळवदाची दरवर्षी निगा राखावी लागते. मृग नक्षत्रापूर्वी छपरावरील गवत काढून, उंदीर-घुशींची बिळे बुजवून, नवी माती पसरून ती चोपून घट्ट करतात. जुना थर सहसा काढून टाकला जात नाही. त्यामुळे छपराची जाडी पिढीगणिक वाढत जाते व जुन्या घरांत ती ५० ते ८० सेंमी. पर्यंत पोहोचलेली आढळते. या वाढीचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

ऊब राखण्याचे तत्त्व : दगड व माती हे पदार्थ उष्णतेचे चांगले निरोधक नाहीत, त्यांचा गुण उष्णता साठविण्याचा आहे. दुपारच्या उन्हाने छपराचा पृष्ठभाग तापला, म्हणजे ती उष्णता एखाद्या मंद लाटेसारखी आत सरकू लागते. आत जाताना लाट दुबळी होते व तिला उशीरही होतो. सुक्या चोपलेल्या मातीत सु. १२ ते १३ सेंमी. खोलीवर दैनंदिन चढउतार पृष्ठभागावरील चढउताराच्या सु. ३७ टक्के उरतो आणि लाटेला पावणेचार-चार तासांचा विलंब होतो. या हिशेबाने २० सेंमी. जाडीच्या थराखाली चढउतार एक-पंचमांश राहतो व विलंब सु. सहा तासांचा होतो, ४० सेंमी. जाडीखाली चढउतार एक-पंचविसांश व विलंब सु. बारा तास. म्हणजे दुपारची उष्णता घरात मध्यरात्री पोहोचते आणि पहाटेचा गारठा आत येईपर्यंत बाहेर ऊन चढलेले असते. आतील तापमान त्यामुळे बाहेरील दिवस-रात्रीच्या सरासरीच्या आसपास स्थिरावते. पौषातील सर्वसाधारण दिवशी ही सरासरी २०°–२१° से. येते. बाहेर १२° से. असताना माजघरात विस्तवाशिवाय एवढी ऊब मिळावी, हे या घराचे खरे यश होय.

येथे जगातील अतिशीत प्रदेशांतील ओंडक्यांच्या घराशी तुलना उद्‌बोधक ठरते. रशिया, स्कँडिनेव्हिया व फिनलंड येथे झाडांचे सबंध ओंडके आडवे रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवून घरे बांधीत. १६३८ मध्ये उत्तर अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी स्थापन झालेल्या स्वीडिश वसाहतीतील लोकांनी ही पद्धत तेथे नेली. लाकूड आडव्या दिशेने उष्णतेचे वहन फार कमी करते; २० सेंमी. जाडीच्या ओंडक्यांच्या भिंतीतून, ६० सेंमी. जाडीच्या दगडी भिंतीच्या मानाने, सु. एक-चतुर्थांश उष्णताच निसटते. ओंडक्यांमधील फटी शेवाळ, ताग किंवा माती यांनी बुजविणे हे दरवर्षीचे काम असे. ते टाळल्यास वारा आत शिरून भिंतीचा सगळा गुण वाया जाई. तथापि अशा घराला सतत विस्तव लागतोच. सायबीरियातील याकूट्स्क येथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८° से.च्या आसपास असते. तेथे दिवस-रात्रीची सरासरी साठवून काहीच साधत नाही. म्हणून रशियन शेतकऱ्याच्या घराच्या मध्यभागी ‘पेच’ नावाची विटामातीची प्रचंड भट्टी असे. सकाळी ती पेटवीत आणि तिच्या वस्तुमानात साठलेली उष्णता दिवसरात्र घराला पुरे. वृद्ध माणसे तिच्या माथ्यावर झोपत. अमेरिकेत उघड्या शेकोटीतील बहुतांश उष्णता धुराड्यावाटे वाया जाते हे ओळखून बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४० नंतरच्या दशकात लोखंडी शेगडीची रचना केली.

थोडक्यात, ओंडक्यांचे घर आत निर्माण केलेली उष्णता कोंडून ठेवते, तर माळवदाचे घर सूर्याने दिलेली उष्णता साठवून ठेवते. पहिल्याचा आधार निरोधन व सरपण, दुसऱ्याचा आधार वस्तुमान व ऊन. हिमाचल प्रदेशातील काठकुणी घरांत दगड व लाकूड यांचे थर आलटून पालटून येतात. ती या दोहोंच्या मधली पायरी म्हणता येईल. काठकुणी घराचा लाकडी पट्टा भिंतीला बांधून ठेवतो व म्हणून ती भूकंपात तग धरते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विस्तव व इतर साधने : घराने दिलेल्या उबेला पूरक अशी लहानमोठी साधने असत. स्वयंपाकाची चूल हा पहिला उष्णतास्रोत. ती भिंतीला लागून असल्यामुळे तिची ऊब भिंतीत मुरे. तिच्यातील निखारे राखेने झाकून सकाळपर्यंत टिकवीत. जळणासाठी तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या व शेणाच्या गोवऱ्या वापरीत. तुराट्या व पऱ्हाट्या भडकन पेटतात व लवकर विझतात. गोवरी मंद व दीर्घकाळ जळते. म्हणून आगटीत आधी तुराटी व मग गोवरी असा क्रम असे. चौकात किंवा दारापुढे पहाटे पेटणारी शेकोटी ही केवळ शेकण्याची जागा नव्हती. दिवसाच्या कामांची वाटणी, बाजारभाव व गावातील वार्ता यांची देवघेव तेथेच होई.

अनेक घरांत गुरे ढाळजेत किंवा चौकाच्या एका बाजूस बांधीत. मोठा बैल विश्रांतीतही पाच-सहा माणसांइतकी उष्णता देतो, त्यामुळे गोठ्याशेजारची खोली इतरांहून उबदार राही. अंथरूण-पांघरुणांत धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी व जुन्या लुगड्या-धोतरांचे थर शिवून केलेली वाकळ ही प्रमुख होत. वाकळीच्या थरांत अडकून राहणारी स्थिर हवा हेच तिचे निरोधन. जुन्याचा पुनर्वापर व घरातील स्त्रियांचे श्रम एवढ्यावरच ती तयार होई.

खास विस्तव ठेवून तापविलेली अशी एकच खोली घरात असे, ती बाळंतिणीची. बाजेखाली शेगडी ठेवून, ओवा-शेपेची धुरी देऊन माता व मूल यांना शेक देण्याची चाल सर्वत्र होती. दार-खिडकी गच्च बंद करून पेटत्या निखाऱ्यांजवळ झोपल्याने कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साठून गुदमरण्याचा धोका असतो. माळवदातील साणे उघडे ठेवण्याच्या जुन्या दंडकामुळे हा धोका काही अंशी टळत असे. साणे नसलेल्या आधुनिक बंद खोलीत हीच चाल पाळणे घातक ठरते.

उबेतील विषमता : माळवद प्रत्येकाच्या वाट्याला आले नाही. त्यासाठी सागवान, सुताराची व गवंड्याची मजुरी आणि दरवर्षी माती टाकण्यास माणसे लागत. भूमिहीन मजूर, गावकुसाबाहेरील वस्त्या, कळमनुरी-हिंगोली भागातील आंध आदिवासी व तांड्यांवरील बंजारा यांची घरे बहुतेक कुडाची व गवताच्या छपराची असत. गवताचे छप्पर निरोधक म्हणून चांगले असले, तरी तुराट्यांच्या कुडातून वारा आत येई व साठविण्यासारखे वस्तुमान घरात काहीच नसे. त्यामुळे रात्रभर विस्तव जागता ठेवणे भाग पडे व त्यातून आगीचे प्रसंग ओढवत. रब्बीच्या जागलीवर असलेल्या सालगड्याला तर शेतातील खोपीतच रात्र काढावी लागे. ज्याच्याकडे जमीन, त्याच्याकडे भिंत आणि ज्याच्याकडे भिंत, त्याच्याकडे ऊब, असे हे समीकरण होते. माळवदाच्या घराची प्रशंसा करताना ही बाजू वगळणे योग्य होणार नाही.

किल्लारीचा भूकंप व त्याचा धडा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी परिसरात ६·२ परिमाणाचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. शासकीय आकड्यांनुसार सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. काही अंदाज १०,००० पर्यंत जातात. तत्कालीन भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात मोडत होता. तो विभागच पुढे २००२ च्या सुधारित मानकातून काढून टाकण्यात आला.

एवढ्या परिमाणाच्या भूकंपात इतकी प्राणहानी होण्याचे मुख्य कारण घरांची रचना हे होते. भिंतींचे दोन पदर एकमेकांशी बांधलेले नव्हते. हादऱ्याने मधला भराव खाली दबला, पदर दोन्ही बाजूंस फुगले व कोसळले. वरून माळवदाची माती आली. सुकी चोपलेली माती घनमीटरला सु. १,७०० किग्रॅ. भरते. तीन मीटर लांब व तितक्याच रुंद खोलीवर २० सेंमी. थर असल्यास भार सु. ३ टन, ४० सेंमी. असल्यास ६ टन व ६० सेंमी. असल्यास ९ टनांहून अधिक होतो. मातीखाली गाडल्या गेलेल्यांना श्वास घेण्यासही पोकळी मिळाली नाही. जेथे खांब, तुळया व सर यांचे सांधे भक्कम होते, तेथे मात्र भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा छप्पर पेलून उभा राहिल्याची उदाहरणे आढळली.

ऊब व भार यांचे हे दोन हिशेब एकत्र मांडले, तर एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. मातीच्या पहिल्या २० सेंमी.मुळे दैनंदिन चढउतारापैकी चार-पंचमांश भाग नाहीसा होतो. पुढच्या २० सेंमी.मुळे उरलेल्या एक-पंचमांशातील बहुतेक भाग जातो. त्यापुढील जाडीने मिळणारा लाभ माणसाच्या अंगाला जाणवणारा नसतो. भार मात्र प्रत्येक थरागणिक तेवढाच वाढतो. चार-पाच दिवस टिकणाऱ्या थंडीच्या लाटेत जाड छपराचा थोडा अधिक उपयोग होतो हे खरे. पण तेवढी उणीव एखादी शेगडी किंवा जादा वाकळ भरून काढू शकते. यावरून जुन्या माळवदाचा बराचसा भार उबेसाठी आवश्यक नव्हता, तो दरवर्षी नवी माती टाकताना जुनी न काढण्याच्या सवयीतून साचलेला होता, असे म्हणावे लागते. ऊब व सुरक्षितता यांपैकी एकच निवडावी लागेल, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली व इतर असंख्य गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. छपरावरील जादा माती काढणे, भिंतीच्या दोन्ही पदरांतून आरपार जाणारे दगड बसविणे, भिंतीभोवती सलोह काँक्रीटचा पट्टा देणे आणि खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे टेकू देणे, हे त्यातील प्रमुख उपाय होत. भारतीय मानक संस्थेच्या १९९३ च्या मार्गदर्शक मानकातही दगडी भिंत ४५ सेंमी.हून रुंद नसावी व आरपार दगड उभ्या दिशेने ६० सेंमी. आणि आडव्या दिशेने १२० सेंमी.हून अधिक अंतरावर नसावेत, असे सांगितले आहे. तथापि लोकांच्या मनात दगड व माती यांविषयी बसलेली भीती या उपायांहून प्रबळ ठरली. काँक्रीटचे घर म्हणजे सुरक्षित घर, ही समजूत दृढ झाली.

हिंगोली जिल्ह्यातील सद्यस्थिती : हिंगोली जिल्ह्यास १९९३ च्या भूकंपाची झळ लातूरप्रमाणे बसली नाही. परंतु अलीकडच्या काळात वसमत, औंढा नागनाथ व कळमनुरी या तालुक्यांतील गावांत, विशेषतः पांगरा शिंदे परिसरात, जमिनीतून येणारे आवाज व सौम्य धक्के वारंवार अनुभवास आले आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४·५ परिमाणाचा धक्का बसला व पाठोपाठ दुसरा सौम्य धक्का जाणवला. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४·५ परिमाणाचा धक्का बसला. मार्चमधील धक्क्यानंतर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन प्रशासनाने केले. माती गेली तरी डोक्यावरचे ओझे सर्वस्वी गेले नव्हते, हे या आवाहनातून दिसते.

दरम्यान माळवदाची जागा दोन प्रकारच्या छपरांनी घेतली आहे. सागवान दुर्मिळ व महाग झाले, दरवर्षी माती टाकण्यास माणसे मिळेनाशी झाली, गळती व विंचू-सापांचा त्रास नकोसा झाला. १९८५ पासूनची इंदिरा आवास योजना व २०१६ पासूनची प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना यांनी पक्क्या घराची कल्पना काँक्रीट व विटा यांच्याशी जोडली. ज्यांच्या घरात पूर्वी वारा शिरत असे, अशा कुटुंबांना या योजनांमुळे प्रथमच भक्कम भिंत मिळाली, ही त्यांची मोठी कामगिरी होय. तथापि उबेच्या दृष्टीने नवी छपरे उणी ठरतात. पत्र्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता टाकून हवेहूनही थंड होतो व पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दव ठिबकते. दहा-बारा सेंमी. जाडीच्या काँक्रीटच्या छतातून उष्णतेची लाट तीन-साडेतीन तासांतच आत पोहोचते. त्यामुळे उन्हाळ्यात ते संध्याकाळी तापलेले असते, तर हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर घराला गारठा देऊ लागते. जुन्या घरात जे काम माती फुकट करीत असे, त्यासाठी आता उन्हाळ्यात वीज व हिवाळ्यात जळण खर्चावे लागते.

मूल्यमापन : माळवदाचे घर जसेच्या तसे पुन्हा बांधावे असे कोणी म्हणणार नाही, आवश्यक तेवढे सागवान आता उपलब्ध नाही व भूकंपाचा अनुभव विसरण्याजोगा नाही. परंतु या घरामागील ज्ञानाचे निरनिराळे घटक सुटे करून पाहता येतात. मातीचा मर्यादित थर, उन्हाची साठवण, आत दडलेले माजघर, वर उघडे साणे व सांधे बांधलेला सांगाडा हे त्यातील जपण्याजोगे घटक होत. न बांधलेला दुपदरी दगड व पिढ्यान्‌पिढ्या साचलेली माती हे त्याज्य घटक होत. काँक्रीटच्या छतावर मातीचा किंवा चुना-विटांच्या चुऱ्याचा मोजका थर, पत्र्याखाली कडब्याचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे आढे व भिंतीला सलग पट्टा, असे साधे उपायही घराची ऊब पुष्कळ वाढवू शकतात. मात्र छतावर थर देण्यापूर्वी ते तेवढा भार पेलू शकते काय, हे जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

हिंगोली, वसमत व औंढा परिसरातील अनेक गावांत जुनी माळवदे अद्याप उभी आहेत व त्यांत वृद्ध माणसे राहत आहेत. त्यांच्या छपरावर आज किती माती आहे व त्यांच्या भिंतींचे दोन पदर एकमेकांना बांधलेले आहेत की नाहीत, याची घरोघर पाहणी करणे ही या विषयातील सर्वांत निकडीची गोष्ट होय. जादा माती खाली उतरविण्यास महागडी साधने लागत नाहीत; फावडे, टोपले व तुळयांना तात्पुरता आधार देऊन, कडेने समतोल राखीत केलेले काही दिवसांचे श्रम पुरतात. एवढे केल्याने घराची ऊब फारशी कमी होत नाही आणि धोका मात्र पुष्कळ कमी होतो.